परदेशात आलेले आई-बाबा, नव्यानं आलेल्या बायका आणि आपण स्वयंसेवक (कॅनडा)

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

ग्रेटर टोरांटो भागात नव्यानं येणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या एका सेटलमेंट संस्थेत मी बरीच वर्षं स्वयंसेवक म्हणून जाते. एक सकाळ ज्येष्ठांच्या गटासाठी, एक संध्याकाळ बायकांच्या गटासाठी. "आम्हालाही काहीतरी करायचंय, पण काय करू?" असं हल्ली बरेच जण विचारतात. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथे लिहिते, म्हणजे तुमचेही अनुभव येतील.

हे दोन गट संस्थेच्या कागदावर वेगवेगळे असतात. मला मात्र दोघांची गाडी एकाच जागी अडलेली दिसते. घराबाहेरचं प्रत्येक काम एकाच माणसाच्या हातून होतं. आई-बाबांच्या बाबतीत मुलगा किंवा मुलगी, बायकांच्या बाबतीत नवरा. डॉक्टरशी बोलणार तो, बँकेत जाणार तो, गाडी त्याची, फोनचा प्लॅन त्याच्या नावावर, आणि कुठल्या कागदावर काय लिहिलंय हेही त्यालाच ठाऊक. तो माणूस वाईट असतो असं मुळीच नाही. बहुतेक वेळा चांगलाच असतो आणि कामानं पिचलेला असतो. पण तो आजारी पडला, परगावी गेला, चिडला, किंवा नुसता मीटिंगमध्ये अडकला, तरी समोरच्याचे सगळे व्यवहार ठप्प.

म्हणून माझं म्हणणं असं की आपल्या मदतीतून त्या माणसाला घराबाहेरचं एक तरी काम स्वतःच्या जिवावर करता आलं पाहिजे. आपण गाडीनं सोडलं-आणलं तर त्या दिवसाची सोय होते, ती वाईट नाही. पण मुलाच्या जागी आपण आलो, बाकी काहीच बदललं नाही.

बसचंच घ्या. आमच्या गटातल्या एक काकू सांगलीकडच्या. तिकडे एसटीनं एकट्या पंढरपूरला जाऊन येणाऱ्या. इथे आल्यापासून मुलाच्या गाडीशिवाय कुठेही गेल्या नव्हत्या. खोदून विचारलं तेव्हा कळलं, भीती चढायची नव्हती, उतरायची होती. कंडक्टर नाही, थांब्याचं नाव पुकारतात ते कळत नाही, आणि उतरायचं असेल तर दोरी ओढायची असते हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. मग आम्ही दोघी निघालो. पहिल्यांदा दोरी मी ओढली, पुढच्या वेळी त्यांनी. नंतर मी मुद्दाम मागे बसले आणि त्या ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर एकट्या. खुणेसाठी त्यांनी थांब्याचं नाव पाठ केलंच नाही, थांब्याच्या आधी येणारा पेट्रोल पंप धरला. पंप दिसला की दोरी. आता त्या लायब्ररीत एकट्या येतात आणि येताना शेजारच्या गुजराती बेनना घेऊन येतात.

दुसरी जागा म्हणजे डॉक्टर. मुलगा दुभाषा असला की आई लघवीचा त्रास सांगत नाही. सासू सोबत असली की सून पाळीचं बोलत नाही. डॉक्टरनं "झोप लागते का?" विचारलं की मुलगा आईकडे न बघताच "हो, छान झोपते" सांगून मोकळा होतो, कारण त्याला खरंच तसं वाटत असतं. इथल्या बऱ्याच हॉस्पिटलांत आणि कम्युनिटी हेल्थ सेंटरांत फोनवरचा दुभाषा मिळतो. अपॉइंटमेंट घेतानाच "मराठी दुभाषा हवा" असं सांगून ठेवावं लागतं, आणि हे घरच्यांना सहसा माहीत नसतं. हा एक फोन करून देणं, किंवा त्याहून बरं म्हणजे शेजारी बसून त्यांनाच करायला लावणं, हे स्वयंसेवकाचं अस्सल काम.

तुम्ही कुठे, काय करता? काय जमलं, कशाला विरोध झाला? सविस्तर लिहा.

---

सुबोध_के

चांगला विषय. एक शंका. माझे आई-बाबा सुपर व्हिसावर आहेत, म्हणजे आई-वडिलांसाठीचा लांब मुदतीचा पाहुण्यांचा व्हिसा. त्यांना सरकारी इंग्रजी वर्गात घेतलं नाही. मग अशा संस्थांत त्यांना काय मिळणार?

---

रानजाई

सुबोध, तुमचं बरोबर आहे. लिंक नावाचे मोफत भाषावर्ग पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) असलेल्यांसाठी आणि निर्वासित म्हणून संरक्षण मिळालेल्यांसाठी असतात. सुपर व्हिसावरचे आई-बाबा कायद्यानं पाहुणेच. २०२२ च्या जुलैपासून एका खेपेत ५ वर्षं राहता येतं, म्हणजे पाहुणे असून राहणं मात्र संसाराइतकं लांब. सेटलमेंट संस्थांचा बराचसा पैसा केंद्र सरकारकडून येतो आणि त्यात पाहुणे मोजले जात नाहीत. त्यामुळे ते नेमके फटीत पडतात, आणि म्हणूनच त्यांना स्वयंसेवकांची गरज जास्त.

लायब्ररीत मात्र कुणी व्हिसा विचारत नाही. टोरांटोत १०० शाखा आहेत. इंग्रजी गप्पांचे गट, वर्तमानपत्रं, हिवाळ्यात उबदार बसायला जागा, सगळं फुकट. अनेक सीनियर सेंटरांतही व्हिसा बघत नाहीत, वय आणि थोडी वर्गणी एवढंच. आणि स्वयंसेवकांनी चालवलेला गप्पांचा गट तर कुणालाही खुला ठेवता येतो.

विम्याचं तेवढं बघून ठेवा. किमान १ लाख डॉलरचा विमा काढल्याशिवाय व्हिसा मिळत नाही, तो तुम्ही काढलाच असेल. पण आधीपासूनच्या बीपी-शुगरबद्दल पॉलिसीत काय अटी आहेत त्या आई-बाबांना मराठीत समजावून सांगा. कित्येक आया विमा असूनही "उगाच खर्च नको" म्हणून छातीतलं दुखणं लपवतात. ओहिप (ओंटारियो प्रांताचा सरकारी आरोग्य विमा) नसलेल्यांनाही कम्युनिटी हेल्थ सेंटर बघतं, तेही कळू द्या.

---

तात्या७१

मी स्वतः ज्येष्ठ आहे, ब्रॅम्प्टनला मुलाकडे असतो. पीआर आहे. तुम्ही मंडळी आमच्याबद्दल बोलताय म्हणून मीही लिहितो.

डिसेंबरात पावणेपाचच्या आत सूर्य बुडतो. घरातली सगळी सातला येतात. ते दोन-सव्वादोन तास फार वाईट. टीव्ही असतो, फोन असतो, पण तिकडे भारतात तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते, फोन करणार कुणाला? माझ्याकडे दर मंगळवारी साडेपाचला एक तरुण मुलगा फोन करतो. संस्थेनं जोडून दिलाय. वीस मिनिटं बोलतो. क्रिकेट, राजकारण, त्याची परीक्षा. मंगळवारी मी दाढी करून बसतो, फोन आहे तरीसुद्धा.

त्याच्या आधी एक गृहस्थ आले होते. मोठ्या उत्साहानं दोनदा आले, मंदिरात नेलं, फोटो काढले, मग दिसलेच नाहीत. तुम्हाला महिन्यातून एकदा जमत असेल तर महिन्यातून एकदाच म्हणा, पण ते पाळा. आमच्या वयात वाट बघणं फार लागतं.

दुसरं, हयातीचा दाखला. माझ्यासारखे भारतातली पेन्शन घेणारे इथे पुष्कळ आहेत. नोव्हेंबर आला की पोटात गोळा. दाखला गेला नाही की पेन्शन थांबते. भारतीय वाणिज्य दूतावास नोव्हेंबरात त्यासाठी शिबिरं घेतो, आणि आधार असेल तर जीवन प्रमाणच्या ॲपवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. पण ते ॲप टाकणं, ओटीपी येतो तो भारतातला नंबर चालू ठेवणं, उजेडात फोन धरून डोळे मिचकावणं, हे आम्हाला एकट्यानं जमत नाही आणि मुलाला दर वेळी सांगायला संकोच वाटतो. कुणी तरुण एक शनिवार फोन घेऊन बसला तर दहा-बारा घरांची काळजी मिटेल.

---

मेघना_ब्रॅ

तात्या, तुमचं दाढीचं वाचून गलबलून आलं.

पण मी सून म्हणून थोडं वेगळं मांडते. आमच्याकडे एक स्वयंसेवक बाई सासूबाईंना भेटायला यायच्या. चांगल्या होत्या. पण प्रत्येक भेटीत "मुलं वेळ देत नाहीत ना?" हाच प्रश्न. सासूबाई दिवसभर नातवाला सांभाळतात, ते त्यांनी स्वतःहून मागून घेतलंय, आणि डेकेअरची प्रतीक्षा यादी किती लांब असते हे इथल्या प्रत्येक आईला माहीत आहे. त्या बाई गेल्या की घरात दोन दिवस अबोला. मदत करायला येणाऱ्यानं घरात फूट पडेल असे प्रश्न विचारू नयेत असं मला मनापासून वाटतं. आम्हीही इथे एकटेच आहोत, मागे कुणी नाही.

---

रानजाई

मेघना, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. उत्तर आधीच ठरवून विचारलेला प्रश्न कुणालाच धड बोलू देत नाही. आम्ही नव्या स्वयंसेवकांना सांगतो की घरच्यांबद्दल काही विचारूच नका. "काल दिवस कसा गेला?" विचारा आणि थांबा. सांगायचं असेल ते आपोआप येतं.

नातवंडांचं म्हणाल तर माझं मत थोडं निराळं आहे. सांभाळणं आनंदाचं असतं यात शंका नाही. पण आठवड्यातली एक सकाळ आजीची स्वतःची असावी, आणि ती सकाळ कोणती हे घरात सगळ्यांना माहीत असावं. मग त्या सकाळी नातवासाठी दुसरी सोय बघायला घरच्यांनाही वेळ मिळतो. आमच्या ज्येष्ठ गटाची वेळ आम्ही मुद्दाम शाळेला सोडल्यानंतर आणि आणायच्या आधी ठेवतो.

---

कृष्णाकाठ

मी याच क्षेत्रात नोकरी करते. रानजाईंनी बायकांबद्दल कमी लिहिलंय, ते मी पुरं करते. थोडं लांबेल.

नव्यानं आलेल्या बायकांच्या मनात सगळ्यात घट्ट बसलेली भीती म्हणजे "नवऱ्यानं स्पॉन्सर केलंय, तो कधीही पीआर रद्द करून परत पाठवेल." कित्येकदा ही भीती नवऱ्यानं किंवा सासरच्यांनीच घातलेली असते. आणि ती अगदीच हवेतून आलेली नाही. २०१२ च्या ऑक्टोबरपासून असा नियम होता की लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील आणि मूल नसेल, तर स्पॉन्सर झालेल्या जोडीदाराला पीआर टिकवण्यासाठी दोन वर्षं एकत्र राहणं भाग होतं. तो नियम एप्रिल २०१७ मध्ये रद्द झाला. आज खरं लग्न करून पीआर झालेल्या बाईला नवरा सोडला म्हणून पीआर जात नाही. स्पॉन्सर करणाऱ्यानं सरकारला दिलेली तीन वर्षांची आर्थिक हमीही वेगळं झाल्यावर संपत नाही, ती त्याच्यावरच राहते. ही माहिती मी पाळणाघराच्या रांगेत, कपडे धुण्याच्या खोलीत, कुठेही देते. ऐकल्यावर काही जणींचा चेहरा बघता बघता बदलतो.

ज्यांचा पीआर झालेला नाही आणि राहण्याचा हक्क नवऱ्यावरच अवलंबून आहे, त्यांच्यासाठीही घरातल्या हिंसेच्या बाबतीत तात्पुरत्या परवान्याची एक वेगळी वाट जुलै २०१९ पासून आहे. पण त्याचा सल्ला आपण द्यायचा नाही, वकिलाकडे पाठवायचं. लीगल एड ओंटारियो या कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेकडून अशा बाईला वकिलाचा दोन तासांचा सल्ला मोफत मिळतो.

आता स्वयंसेवकांनी काय करू नये ते. नवऱ्याला समजावायला जाऊ नये. "आमच्या ओळखीचे आहेत, मी बोलतो" म्हणणारे काका सगळ्यात जास्त नुकसान करतात, कारण ते निघून गेल्यावर घरात ती एकटीच असते. तिच्या फोनवर या विषयाचे मेसेज पाठवू नयेत, फोन घरात कोण बघतं हे आपल्याला ठाऊक नसतं. तिला निघून जायला भरीला घालू नये. निर्णय तिचा, वेळही तिची. आणि तिच्या वतीनं इमिग्रेशनचे फॉर्म भरायला घेऊ नयेत. पैसे घेऊन असा सल्ला देण्याचा अधिकार फक्त वकील आणि परवानाधारक सल्लागारांसारख्या अधिकृत माणसांना आहे, पण फुकट भरलेला चुकीचा फॉर्मही तिलाच भोवतो.

करायचं काय? पासपोर्ट, पीआर कार्ड, मुलांचे जन्मदाखले कुठे आहेत हे तिला माहीत असावं आणि त्यांच्या प्रती घराबाहेर कुठेतरी असाव्यात. तिच्या एकटीच्या नावावर बँकेत एक खातं असावं. २११ हा क्रमांक पाठ असावा. ओंटारियोत तिथे दुभाष्यासह माहिती मिळते, "मराठी" एवढं इंग्रजी बोलणाऱ्याला कळेल असं सांगितलं तरी पुढचं ते बघतात. जिवाचा धोका असेल तर ९११, तिथेही दुभाषा जोडून देतात. हे सगळं संकटातल्या बाईसाठीच आहे असं समजू नका. सुखानं नांदणाऱ्या बाईलाही हे सगळं असायलाच हवं, म्हणून आम्ही ते सगळ्या गटाला एकत्रच शिकवतो. मग कुणा एकीकडे बोट जात नाही.

---

सुबोध_के

कृष्णाकाठ, २०१७ चं मलाही माहीत नव्हतं. धन्यवाद. घरी बायकोला वाचून दाखवलं.

---

हिवाळी_पहाट

एक अवघड गोष्ट लिहिते. सगळे म्हणतात आपल्या भाषेचा स्वयंसेवक असावा. मी जेव्हा अडचणीत होते तेव्हा मला मराठी माणूस नको होता. इथली मराठी वस्ती छोटी, गणपतीला सगळे तेच चेहरे. आज मी कुणाला सांगितलं तर दिवाळीच्या कार्यक्रमापर्यंत सगळ्यांना कळणार ही भीती. मी मोडक्या इंग्रजीत एका जमैकन बाईंशी बोलले, आणि त्यांच्यामुळेच मार्गाला लागले. भाषा तोकडी होती, पण गोष्ट तिथेच राहील याची खात्री होती.

मराठी स्वयंसेवकांनी हे मनाला लावून घेऊ नये, पण "मराठी हवं की दुसरं कुणी?" हा प्रश्न आधी विचारावा.

---

कृष्णाकाठ

हिवाळी_पहाट, शंभर टक्के. फोनवरच्या दुभाष्याला मी अनेकदा त्याचसाठी पसंती देते, तो दुसऱ्याच शहरात बसलेला असतो. समोर ओळखीचं कुणी नसेल तरच बाई बोलती होते, असं खूपदा पाहिलंय. आणि कार्यक्रमात भेट झाली तर स्वयंसेवकानं आपणहून ओळख दाखवायची नाही, तिनं दाखवली तरच बोलायचं. हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो.

---

अनामिका_नवी

नमस्कार. मी या वर्षी नाशिकहून आले. नवऱ्याचा वर्क परमिट आहे, माझा ओपन वर्क परमिट आहे (म्हणजे कुठल्याही कंपनीत काम करता येतं). एमकॉम झालंय, सहा वर्षं अकाउंट्समध्ये काम केलंय. लिंकचा वर्ग मिळाला नाही. नोकरीसाठी अर्ज करते, उत्तरच येत नाही. दिवसभर घरात असते. नवरा खूप चांगला आहे, पण मला त्याला रोज रडत दाखवायचं नाहीये. मला मदत हवीय की मीच कुणाला मदत करू शकते, हेही कळत नाही. कुणी सांगेल का?

---

रानजाई

अनामिका, बरं झालं लिहिलंत. दोन्ही. मदत घ्या आणि करा.

तुमच्या जवळच्या लायब्ररीत जाऊन "इंग्रजी गप्पांचा गट कधी असतो?" एवढंच विचारा. अनेक शाखांत ठरलेल्या दिवशी सेटलमेंट वर्करही बसतात. वर्क परमिटवर त्यांच्या काही सेवा मिळत नाहीत हे खरं, पण ओंटारियो सरकारच्या पैशांवर चालणाऱ्या काही योजना आणि रोजगार केंद्रं तुम्हाला घेऊ शकतात. भेटल्याबरोबर "मी ओपन वर्क परमिटवर आहे, मला यातलं काय मिळेल?" असं थेट विचारा.

नोकरीच्या जाहिरातीत "कॅनडियन अनुभव हवा" अशी अट घालायला ओंटारियोत १ जानेवारी २०२६ पासून बंदी आहे, २५ किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना. त्यानं लगेच दारं उघडतील असं मी म्हणणार नाही. पण अशी अट दिसली तर आपल्यातच काही कमी आहे असं समजू नका.

आणि तुमचं अकाउंट्स! खालच्या कुणीतरी त्याबद्दल लिहा रे, कर भरून देणाऱ्या शिबिराबद्दल. मला वाटतं इथे आहेत कुणीतरी.

---

पै_पैसा

हजर आहे. 🙂 दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये मी त्यात असतो.

सीव्हीआयटीपी म्हणतात त्याला. कमी उत्पन्न आणि साधा हिशेब असलेल्या लोकांचे करविवरण स्वयंसेवक फुकट भरून देतात. हा कार्यक्रम १९७१ पासून चालू आहे. सीआरए, म्हणजे इथलं कर खातं, स्वतः प्रशिक्षण देते, सॉफ्टवेअर देते. पोलीस तपासणी करून नोंदणी करावी लागते. अनामिका, इथली करपद्धत शिकायला याहून चांगली जागा नाही, आणि बायोडेटावर लिहायला इथला अनुभवही होतो.

या निमित्तानं सगळ्यांसाठी एक मुद्दा. "मला उत्पन्नच नाही, मग कर कशाला भरू?" असं जवळजवळ प्रत्येक नवी बाई आणि प्रत्येक आजी विचारते. भरायचंच, शून्य उत्पन्न असलं तरी, कारण जीएसटी क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांना सरकारकडून मिळणारे पैसे) आणि मुलांचा भत्ता त्या विवरणावरूनच ठरतात. नवरा-बायको दोघांनीही भरलं पाहिजे. आणि हे नीट ऐका: आई-वडील एकत्र राहत असतील तर मुलांच्या भत्त्यासाठी अर्ज सहसा आईनं करायचा असतो आणि तो तिच्या नावे येतो. कित्येक बायकांसाठी या देशात स्वतःच्या खात्यात आलेला तो पहिला पैसा असतो. वर्क परमिटवर असाल तर कॅनडात सलग १८ महिने राहिल्यावर आणि १९ व्या महिन्यात परवाना चालू असेल तर अर्ज करता येतो. अर्ज आपण भरून द्यायचा नाही. तिला भरायला लावायचा, आपण फक्त शेजारी बसायचं. खातं कुठलं द्यायचं तेही तिनंच ठरवायचं.

ज्येष्ठांसाठी: "तुमचा कर थकलाय, गिफ्ट कार्ड घेऊन नंबर सांगा नाहीतर पोलीस येतील" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. सीआरए कधीही गिफ्ट कार्ड मागत नाही. घरात कुणी नसताना हे फोन येतात आणि आमचे आजोबा लोक पोलीस म्हटलं की घाबरतात. फसलेला माणूस मुलाला सांगत नाही, हे त्याहून वाईट. म्हणून हे आधीच, हसत-खेळत, चार लोकांत बोलून ठेवायचं.

---

तात्या७१

पै_पैसा, मला असा फोन आला होता. माझ्या मंगळवारच्या मुलानं आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून वाचलो.

एक विचारू का? मी तिकडे एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, पीएफ-पेन्शन सगळं रीतसर. इथे येऊन सहा वर्षं झाली. इथली म्हातारपणाची पेन्शन दहा वर्षांनंतरच ना?

---

पै_पैसा

तात्या, एरवी हो. ओएएस, म्हणजे इथल्या म्हातारपणाच्या पेन्शनसाठी, वय ६५ आणि अठराव्या वर्षानंतर कॅनडात किमान १० वर्षं वास्तव्य लागतं. पण भारत आणि कॅनडामध्ये सामाजिक सुरक्षेचा करार आहे, तो १ ऑगस्ट २०१५ पासून लागू आहे. तिकडच्या पेन्शन योजनेत भरलेली वर्षं ही १० वर्षांची अट पुरी करायला धरता येतात. रक्कम मात्र इथे राहिलेल्या वर्षांच्या हिशेबानंच मिळते. पूर्ण पेन्शन ४० वर्षांना, म्हणजे सहा वर्षांना चाळिसातले सहा भाग. फार नाही, पण तुमची स्वतःची. सर्व्हिस कॅनडाच्या (केंद्र सरकारच्या सेवा केंद्राच्या) ऑफिसात जाऊन "भारताबरोबरच्या कराराखाली अर्ज करायचाय" असं स्पष्ट सांगा आणि पीएफ-पेन्शनचे जुने कागद शोधून ठेवा. मुलानं स्पॉन्सर केलं असेल तर त्याचा कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना वर मिळणाऱ्या जीआयएस भत्त्यावर परिणाम होतो, तेही तिथेच विचारून घ्या.

---

तात्या७१

कागद पुण्याच्या घरी ट्रंकेत आहेत. भाच्याला आजच फोन करतो.

---

डेट्रॉइटकर

सीमेपलीकडून. आमच्याकडे अमेरिकेत मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) ६५ नंतर असलं तरी ग्रीन कार्डवर सलग ५ वर्षं राहिल्याशिवाय विकतही घेता येत नाही, आई-वडिलांना आणताना लोक हे विसरतात. बाकी मुलगा दुभाषा असण्याची अडचण अगदी तीच. इथेही नियमित येणारे स्वयंसेवक मिळत नाहीत.

---

मेघना_ब्रॅ

माझी मुलगी दहावीत आहे. ओंटारियोत हायस्कूलच्या मुलांना डिप्लोमासाठी ४० तास समाजसेवा करावी लागते, ते तास कुठे भरायचे हा प्रश्नच असतो. तात्यांच्या जीवन प्रमाणच्या शनिवारसाठी ती आणि तिच्या दोन मैत्रिणी तयार आहेत. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. चालेल का?

---

रानजाई

चालेल, पळेल! तास शाळेत धरले जावेत म्हणून संस्थेमार्फत करा आणि शाळेचा फॉर्म आधी भरून घ्या. मुलींसोबत एक मोठं माणूस असू द्या. आधार क्रमांक, ओटीपी किंवा बँकेचं काहीही मुलींनी आपल्या फोनवर लिहून ठेवायचं नाही. फोन आजोबांच्याच हातात राहील, बोटही त्यांचंच. मुलींनी फक्त सांगायचं. पुढच्या नोव्हेंबरात आजोबांनी एकट्यानं करायचंय हे त्यांना पहिल्यापासून सांगा.

---

अनामिका_नवी

रानजाई, पै_पैसा, दोघांचे आभार. आज लायब्ररीत गेले होते. गट गुरुवारी असतो. मला आधी ज्येष्ठांसोबत काम करायला आवडेल, आजीची खूप आठवण येते. सुरुवात कशी करायची? पोलीस तपासणी म्हणजे काय, परमिटवर असताना काही अडचण नाही ना?

---

रानजाई

अडचण नाही. ज्येष्ठ किंवा मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाची व्हल्नरेबल सेक्टर चेक म्हणून एक पोलीस तपासणी होते. आपण राहतो त्या भागाच्या पोलिसांकडे अर्ज करायचा. संस्थेचं पत्र असेल तर स्वयंसेवकांना शुल्क कमी असतं किंवा नसतं, म्हणून आधी संस्था ठरवा, मग अर्ज. यायला कधी कधी काही आठवडे लागतात, तोवर त्यांचं प्रशिक्षण होऊन जातं.

ओपन वर्क परमिट असल्यामुळे तुम्हाला कामाची मोकळीक आहे. सुपर व्हिसावरच्या कुणाला स्वयंसेवा करायची असेल तर तेवढं जपावं. ज्या कामाला एरवी पगार मिळतो ते फुकट केलं तरी ते काम धरलं जाऊ शकतं. गप्पा, भजन, शेजारच्या आजींना बसची सवय लावणं, याला हरकत नाही.

संस्थेत गेल्यावर समन्वयकाला तीन गोष्टी विचारा. मला कुणासोबत जोडणार आणि किती महिने? काही गंभीर कानावर आलं तर मी कुणाला फोन करायचा? मी सुट्टीवर गेले तर त्या आजींकडे कोण जाणार? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर दुसरी संस्था बघा. विपू (खासगी निरोप) करा, तुमच्या भागातली दोन नावं कळवते.